दिवसाची वीज मागायची कशी?



रब्बीचा हंगाम सुरू झाला की आपल्या औराद तालुक्यातल्या घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "या आठवड्यात लाईट दिवसाची आहे की रात्रीची?" हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी द्यायचे तर थ्री फेज वीज हवी, आणि ती ज्या वेळी मिळेल त्या वेळी शेतात हजर राहावे लागते. पाळी रात्रीची असली की घरातला कर्ता माणूस बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. वाटेत साप, विंचू, रानडुकरे. ओल्या बांधावर उभे राहून स्टार्टरला हात लावायचा. मध्येच वीज गेली की ती परत येईपर्यंत विहिरीवर बसून राहायचे. घरात दुसरे कोणी नसेल तर आठवी-नववीतला मुलगा सोबतीला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला वर्गात पेंगतो. शिक्षक त्याला उठवतात, बोलतात. त्याचे उत्तर त्याच्या डोळ्यांत असते.

या अंकात पर्यावरणाविषयी लिहायचे म्हटले की झाडे लावणे, प्लास्टिक टाळणे, पाणी अडवणे हे विषय सुचतात. ते चांगलेच आहेत. पण स्वच्छ ऊर्जा हा विषय आपल्या गावात दारातून आत येतो तो या रात्रीच्या पाळीतून. म्हणून तिथूनच सुरुवात करू या.

पहिला प्रश्न असा की शेतीला वीज रात्रीच का? उत्तर सरळ आहे. कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र एखाद्या बल्बासारखे पाहिजे तेव्हा बंद-चालू करता येत नाही. ते रात्रीही चालू ठेवावे लागते. दिवसा कारखाने, कचेऱ्या आणि शहरे वीज वापरत, रात्री मागणी उतरे, आणि उरलेली वीज शेतीकडे वळवली जाई. त्यासाठी पंपांच्या वाहिन्या म्हणजे फीडर वेगळे केले गेले. आपल्या राज्यात निरंतर ज्योती योजनेतून गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले ते आपल्याला माहीत आहेच. गावात दिवे चालू आणि शेतात मोटार बंद, हे त्यामुळेच शक्य होते.

आता मात्र काळ उलटला आहे. सूर्यापासून तयार होणारी वीज दिवसाच मिळते आणि ती इतर विजेपेक्षा स्वस्त पडू लागली आहे. टंचाई जाणवते ती संध्याकाळी, दिवे लागण्याच्या वेळी. म्हणजे शेतीला रात्री वीज देण्याचे जे जुने कारण होते तेच उरलेले नाही. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असते. ज्या उन्हाने पीक करपते त्याच उन्हाने मोटार चालू शकते. मग अडते कुठे?

अडते ते मागणाऱ्यापाशी, असे माझे मत आहे. आपण वीज मागतो, पण हिशेब घेऊन मागत नाही.

हिशेब घेऊन मागणे म्हणजे काय, हे समजायला पुण्याच्या एका संस्थेचे उदाहरण घेतो. 'प्रयास' ही सेवाभावी संस्था १९९४ साली सुरू झाली. तिच्या ऊर्जा गटाचे काम उभे करणाऱ्यांत गिरीश संत हे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले अभियंते होते. ही मंडळी सौर दिवे विकत नव्हती आणि रस्त्यावर मोर्चेही काढत नव्हती. ती वीज मंडळाचे अहवाल, करार आणि दरपत्रके वाचत. त्या वेळी महाराष्ट्रात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा मोठा गाजावाजा चालू होता. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला होता आणि सुरुवातीला तो लोकांसमोर नव्हता. प्रयासने आकडेमोड करून दाखवले की या करारातून वीज मंडळावर न पेलणारा बोजा पडेल. दाभोळची वीज १९९९ मध्ये सुरू झाली. पुढे तिचा दर काही काळ युनिटला सात रुपयांच्या वर गेला, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन कंपनीचेच दिवाळे निघाले. आकडेमोड खरी ठरली.

दुसरे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे आहे. महाराष्ट्राचे वीज मंडळ आपली वीजगळती सतरा-अठरा टक्के असल्याचे सांगत असे. बहुतेक शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे जी वीज हिशेबात सापडत नसे ती शेतकऱ्याच्या नावावर टाकता येई. वीज नियामक आयोग आल्यावर त्याच्यापुढे सुनावण्या झाल्या. प्रयाससारख्या संस्थांनी आकडे तपासून प्रश्न विचारले, आणि गळती तीस टक्क्यांच्या पुढे निघाली. म्हणजे 'शेतकरी फुकटात वीज खातो' असे म्हणताना त्यात किती वीज शेतात गेली आणि किती गळती-चोरीत गेली हेच ठाऊक नव्हते. कर्नाटकात २००८ पासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मोफत म्हणून मीटर नाही, मीटर नाही म्हणून हिशेब नाही, आणि हिशेब नाही म्हणून तक्रारीला वजन नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कशी करायची, या संकोचात आपण रात्री जागतो.

याच अभ्यासातून प्रयासने एक उपाय सुचवला, तो म्हणजे शेतीचा सौर फीडर. विद्यार्थ्यांसाठी तो सोपा करून सांगतो. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापाशी थोड्या जमिनीवर सौर पॅनेलचा लहान प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला द्यायची. शेतकऱ्याने काहीही विकत घ्यायचे नाही. मोटार तीच, स्टार्टर तोच, तार तीच. फक्त वीज दिवसा येते. ढग आले तर कमी पडलेली वीज नेहमीच्या जाळ्यातून मिळते, आणि पावसाळ्यात पंप बंद असले तर जास्तीची वीज जाळ्यात जाते. ती वाया जात नाही.

आता थोडे गणित. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे साधारण ३.७३ किलोवॅट. ती सात तास चालली तर सुमारे २६ युनिट. वर्षात १५० दिवस पाणी दिले असे धरू, म्हणजे ३,९०० युनिट. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण पंधरा-सोळा लाख युनिट वीज देतो आणि त्याला चार-पाच एकर जमीन लागते. एका मेगावॅटला एका वेळी पाच अश्वशक्तीचे किती पंप चालतील? १,००० ला ३.७३ ने भागा, २६८ येतात. तारांतली गळती आणि मोटारीची झीज धरली तर कमीच धरावे लागतील. पण एका गावाच्या पंपांना पुरेल इतका प्रकल्प गावच्या एखाद्या पडीक तुकड्यावर मावतो, हे ध्यानात आले तरी पुरे. पंपामागे येणारा विजेचा खर्च युनिटला एक रुपयाने जरी उतरला, तरी सरकारचे दर पंपामागे वर्षाला जवळजवळ चार हजार रुपये वाचतात. हे गणित सातवीच्या मुलाला करता येते.

ही कल्पना कागदावरच राहिली नाही. महाराष्ट्र सरकारने जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही सुरुवातीची गावे निवडली. पुढची काही वर्षे काम रडतखडत चालले. २०२३ मध्ये योजनेला दुसरा जोर दिला गेला. मार्च २०२४ मध्ये नऊ हजार मेगावॅटची कामे सोपवण्यात आली, विजेचा दर युनिटला सुमारे तीन रुपये आला, आणि त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगावचा प्रकल्प सुरू झाला. पुढे उद्दिष्ट सोळा हजार मेगावॅटपर्यंत वाढवले गेले. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा त्यात ठराव आहे. आपले उदगीर-देगलूरकडचे सोयरे या योजनेविषयी बोलतात तेव्हा आपल्याला वाटते, हे तिकडचे, आपल्याकडे कुठले!

हा समज सोडायला हवा. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ पासून सर्व राज्यांसाठी आहे, आणि फीडरच सौर करण्याची सोय तिच्यात २०२० च्या अखेरीस आली. कर्नाटकानेही ती घेतली आहे. जून २०२५ मध्ये चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील गौरीबिदनूर तालुक्यात अशा प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सौर विजेत कर्नाटक मागे तर नाहीच. तुमकूर जिल्ह्यातील पावगड इथला २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१९ च्या अखेरीस पूर्ण झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. योजना आहे, ऊन आहे, राज्यात अनुभव आहे. आपल्या उपकेंद्राचा क्रम कधी लागणार, एवढेच उरते. आणि क्रम बऱ्याचदा मागणाऱ्याच्या तयारीवर लागतो.

मागायचे कुठे? आमदारांच्या घरी निवेदन देऊन फोटो काढण्यापलीकडे एक जागा आहे. ती फार थोड्यांना माहीत असते. कर्नाटक वीज नियामक आयोग १९९९ पासून काम करतो. आपल्याला वीज देणारी जेस्कॉम ही कंपनी २००२ मध्ये सुरू झाली, तिचे मुख्य कार्यालय कलबुर्गीला आहे. जेस्कॉमला दर वाढवायचे असले तर तिला आयोगापुढे जावे लागते. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दर ठरवण्याआधी आयोगाने लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्यायच्या असतात. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर मुद्दे लिहून पाठवता येतात, जाहीर सुनावणीत उभे राहून बोलता येते. उद्योगांच्या संघटना तिथे आकडे घेऊन हजर असतात. बिदर जिल्ह्याच्या टोकाकडचा शेतकरी तिथे क्वचितच दिसतो. जो हजर नाही त्याचा हिशेब दुसरेच कोणी मांडणार, हे उघड आहे.

कोणी म्हणेल, "आपण सीमेवरची मराठी माणसे, आपले कोण ऐकतो?" १९५६ साली जुना बिदर जिल्हा विभागला गेला, उदगीर-निलंगा तिकडे गेले आणि औराद-भालकी इकडे राहिले. तेव्हापासून हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत. पण विजेच्या तारेला मराठी-कानडी कळत नाही. रात्रीच्या पाळीचा विंचूही भाषा विचारून चावत नाही. शेजारच्या कानडी बोलणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख अगदी तेच आहे. मागणी करायची तर त्याच्यासह करावी आणि कन्नडमध्येच लिहावी. त्यात कमीपणा कसला? उलट आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड, हिंदी आणि इंग्रजी शिकतात. महाराष्ट्राचा शासन निर्णय मराठीत वाचून त्यातला मुद्दा कन्नड अर्जात उतरवणारी मुले बंगळुरूला किंवा पुण्याला सहज सापडणार नाहीत. ती आपल्याच बाकांवर बसलेली आहेत.

दुसरी शंका विश्वस्त मंडळींच्या मनात येणे साहजिक आहे. शाळेने या भानगडीत का पडावे? शाळेचे काम शिकवण्याचे. मान्य. पण वीजबिल वाचणे, टक्केवारी काढणे, तीन भाषांत अर्ज लिहिणे, नोंदी ठेवणे हे शिक्षणच आहे. यात कोणत्या पक्षाचा झेंडा नाही. शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार पुढेमागे होईल तर आनंदच आहे, पण त्याने शाळेचे पंखे चालतील, गावाची रात्र संपणार नाही. वस्तू पुरवणारेही लागतातच. आपल्याच राज्यात हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सेल्को ही कंपनी काढून बँकेच्या कर्जातून गरिबांच्या घरी सौर दिवे पोहोचवले आणि त्यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण फीडर ही वस्तू दुकानात मिळत नाही. ती सर्वांनी मिळून मागावी लागते आणि त्यासाठी निःस्वार्थपणे पाठपुरावा करणारे कोणीतरी लागते.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती झाकून ठेवता कामा नये. सौर म्हटले की सगळे चांगलेच, असे नाही. पावगडला पाच गावांची सुमारे तेरा हजार एकर जमीन प्रकल्पासाठी भाड्याने घेतली गेली. एकराला वर्षाला २१ हजार रुपये भाडे ठरले. दुष्काळी भागातल्या जमीनमालकांना तो आधार झाला. पण ज्यांची जमीनच नव्हती, जे त्या शेतांत मजुरी करत आणि त्या माळावर शेळ्या-मेंढ्या चारत, त्यांना भाडे कोण देणार? म्हणून आपल्याकडे मागणी करतानाच लिहून द्यावे, की गायरान आणि चराईची जागा घेऊ नये, प्रकल्प लहान आणि उपकेंद्राजवळ असावा, आणि पॅनेल पुसणे, गवत काढणे, राखण ही कामे गावातल्या भूमिहीन घरांना आधी द्यावीत. पाण्याचेही तसेच. दिवसा वीज मिळाली म्हणून बोअर आटेपर्यंत उपसा करायचा नाही. विजेचे तास ठरलेले असावेत आणि ते वेळेवर मिळावेत, एवढीच मागणी योग्य आहे. आज भरवसा नसल्यामुळे प्रत्येक जण स्टार्टर ऑटोवर टाकून ठेवतो, वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, दाब पडतो, डीपी जळतो आणि आठ-आठ दिवस पीक वाळते. भरवसा आला तर हे आपोआप कमी होईल.

वाहतुकीचीही गोष्ट याच वळणाची आहे. स्वच्छ वाहन म्हटले की विजेवरची स्कूटर डोळ्यांसमोर येते. पण पन्नास मुलांना एकदम शाळेत आणणारी बस हे आपल्या भागातले आज उपलब्ध असलेले सर्वांत स्वच्छ वाहन आहे. पुण्याची 'परिसर' ही संस्था वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे, की रस्ता आधी चालणाऱ्याचा, सायकलवाल्याचा आणि बसने जाणाऱ्याचा. जून २०२३ पासून राज्यात शक्ती योजनेमुळे मुलींना आणि महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. पण बस शाळेच्या वेळेला नसली तर मोफत तिकिटाचा उपयोग काय? कोणत्या वाडीहून किती मुले येतात, बस किती वाजता येते, किती दिवस आलीच नाही, हे लिहून ठेवले तर कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाच्या आगार व्यवस्थापकांपुढे ते मांडता येईल. 'बस वेळेवर येत नाही' या तक्रारीपेक्षा 'गेल्या तीस दिवसांत अकरा दिवस आली नाही' हे वाक्य टाळणे अवघड असते.

म्हणून शाळेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. आठवी ते दहावीच्या मुलांनी एक वीजवही ठेवावी. आपल्या शेतातली किंवा शेजाऱ्याच्या शेतातली थ्री फेज वीज किती वाजता आली, किती वाजता गेली, रात्री आली की दिवसा, डीपी कधी जळला आणि किती दिवसांनी दुरुस्त झाला, एवढेच लिहायचे. शेत नसलेल्या मुलांनी घरातल्या विजेची नोंद ठेवावी. ही नोंद दिवसा घरी विचारून करायची, त्यासाठी रात्री शेतात जायचे नाही. एक रब्बी हंगाम अशी वही ठेवली तर पन्नास घरांची माहिती हाती येईल. गणिताच्या शिक्षकांनी सरासरी काढून घ्यावी, कन्नडच्या शिक्षकांनी अर्जाचा मसुदा तपासावा. मुलांची नावे अर्जात नकोत, फक्त आकडे हवेत. अर्जावर सह्या पालकांच्या आणि ग्रामपंचायतीच्या असाव्यात, आणि विश्वस्तांनी आपल्या ओळखीचा उपयोग तो जेस्कॉमच्या कार्यालयात आणि आयोगापर्यंत पोहोचवण्यासाठी करावा.

एका अर्जाने सौर फीडर येईल असे मी म्हणत नाही. पुण्याच्या त्या अभ्यासकांनाही कल्पना मांडल्यापासून ती शेतापर्यंत जाताना पाहायला बरीच वर्षे लागली, आणि गिरीश संत तर २०१२ मध्येच, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आपल्यातून गेले. त्यांना सौर कृषी वाहिनी पाहायला मिळाली नाही. पण त्यांनी घालून दिलेली रीत राहिली. आधी वाचायचे, मग मोजायचे, मग मागायचे, आणि मिळेपर्यंत मागत राहायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात पावसाअभावी राज्यात विजेचा तुटवडा पडला आणि शेतीच्या विजेचे तास सातावरून पाचावर आले. तेव्हा आपल्यापाशी राग होता, पण दाखवायला कागद नव्हता. पुढच्या वेळी तो असावा.

नव्या वह्या आणायची वेळ जवळ आली आहे. पालकांनी यंदा घरटी एक वही जास्तीची घ्यावी, इतकेच मागणे.